गोसाईंची एकादशी

रस्त्यावरच्या नळाशी बिंदुदी भेटली नसती तर सव्वीस वर्षं मी ज्या समजुतीत जगले त्याच समजुतीत एक दिवस मरूनही गेले असते, आणि त्यात कुणाचं काही बिघडलंही नसतं. पहाटेचे साडेपाच वाजले होते. खांद्याला पिशवी होती, पिशवीत पोहायचे कपडे आणि शिट्टी, आणि डोक्यात एकच विचार घोळत होता: आज एकादशी, आणि पिशीमा पाण्याचा थेंब घेणार नाही. पिशीमा म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, क्षांतमणी. वय एकाहत्तर. चौदाव्या वर्षी विधवा झाली तेव्हापासून महिन्याच्या दोन्ही एकादश्या तिनं निर्जळी काढल्या. अन्न नाही, फळ नाही, पाणी नाही. दुपारी ओठ सुकले तर ती ते जिभेनंही ओले करत नसे, तोंड मिटून घ्यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. मागच्या एकादशीनंतर ती दोन दिवस चटईवरून उठली नव्हती. डॉक्टर गुप्तांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. जिना उतरताना ते मला म्हणाले, "आणखी एक असा कोरडा दिवस गेला तर मला बोलावू नका. येऊन मी काय करणार?" तो दिवस आज उजाडला होता. मी उठले तेव्हा पिशीमा आंघोळ करून जप करत बसली होती. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. मी पाण्याचं बोलणार हे तिला माहीत होतं.

बिंदुदी आमच्याच घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. फाळणीनंतर बरिशालहून आली, येताना नवरा हरवला आणि तुळशीची माळ तेवढी गळ्यात राहिली. बाई गोड आहे, पण सकाळी सकाळी देवाधर्माचं बोलायची तिची खोड माझ्या डोक्यात जाते. बादली भरता भरता तिनं विचारलं, पिशीमांची आज ना एकादशी, आमची वैष्णवांची उद्या, या खेपेला पंजिकेत दोन दिल्यात. मी उगाच बोलायचं म्हणून बोलले की आमच्याकडे दिवसाचं असं काही कडक नसतं, एकदा आम्हीही गोसाईंची, म्हणजे तुमची वैष्णवांचीच एकादशी धरली होती. बिंदुदी हसायला लागली. "दिदिमणी, काहीतरीच सांगता. तुमच्या घरात काली आहे. नवमीला बोकड पडतो. आणि गोसाईंची एकादशी? ती धरायची तर गळ्यात ही माळ लागते. पिशीमांना विचारून बघा, झाडूनं मारतील." मी म्हटलं, अहो धरली होती, मला चांगलं आठवतंय, मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, रविवारी नव्हती, सोमवारी होती. बिंदुदीनं बादली उचलली. "मग तुम्हांला कुणीतरी फसवलं," असं म्हणून ती गेली. मी तिथंच उभी राहिले. नळ उघडाच होता आणि गढूळ पाणी माझ्या चपलांवरून वाहत होतं. ट्राम आली आणि माझ्या समोरून निघून गेली. मी ती थांबवली नाही.

शेवटी चालतच निघाले. सव्वीस वर्षांत मला हे कळू नये? पण खरं सांगायचं तर मी कधी विचारच केला नव्हता. पंजिका, म्हणजे आमचं पंचांग, हे पिशीमाचं खातं. कोणत्या दिवशी वांगं खायचं नाही, कोणत्या तिथीला केस धुवायचे नाहीत, ग्रहण कधी लागतं कधी सुटतं, ते ती बघायची आणि आम्ही ऐकायचो. बाबा इंग्रजी शाळेत गणित शिकवायचे, पण घरातली तारीख तेही बहिणीलाच विचारायचे. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे, "दिदीला विचार." माझं लग्न अकराव्या वर्षी झालं ते दिदीला न विचारता, आजोबांच्या हट्टापायी. बाराव्या वर्षी माझा नवरा ढाक्याला तापानं गेला. मी त्याला तीनदा पाहिलं होतं, त्यातलं एकदा पाठमोरं. सासरच्यांनी पांढऱ्या थानात, विधवेच्या बिनकिनारीच्या लुगड्यात, गुंडाळून मला परत आणून सोडलं, तेव्हा दारात पिशीमा उभी होती. ती रडली नाही. मला आत घेतलं, पेटीतून आपलं एक जुनं थान काढलं, माझ्या उंचीचं फाडलं आणि काठ दुमडून शिवायला बसली. शिवता शिवता म्हणाली, "रोज पहाटे माझ्याबरोबर गंगेवर यायचं. घरात बसून राहिलीस तर लोक येऊन येऊन रडतील तुझ्या नावानं. तिथं कुणी बोलत नाही." त्या दिवशी मला ते कठोर वाटलं होतं. आज वाटतं, बारा वर्षांच्या पोरीला याहून मोठं काही कुणी दिलं नसतं.

गंगेवर मी पोहायला शिकले ते तिच्या हातून, आणि तिला स्वतःला पोहता येत नाही. ती गळ्याइतक्या पाण्यात उभी राहायची, पितळेची कळशी पालथी घालून माझ्या पोटाखाली द्यायची आणि माझ्या थानाचा मागचा पदर मुठीत धरायची. मी पाय मारले की ती दोन पावलं पुढं यायची, मी थांबले की थांबायची. एक दिवस मला कळलं की तिनं पदर केव्हाच सोडला आहे आणि कळशी तिच्याच हातात आहे. मी घाबरून बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, वर आले तर ती हसत होती. पिशीमाला हसताना मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. नंतर मी नदीच्या मध्यापर्यंत जाऊन यायला लागले आणि ती घाटावर उभी राहून ओरडायची, "पुँटी, मेले, परत ये, भात करपला असेल घरी." भात करपलेला नसायचा, कारण चूल पेटवायची असायची तिलाच.

मी चौदाची असताना शिबेनदांनी मला घाटावर बघितलं. हेदुआच्या तळ्यावर त्यांचा पोहण्याचा क्लब होता, पोरं शिकायला यायची. ते बाबांना भेटायला आले, बाबा म्हणाले दिदीला विचारा, आणि शिबेनदा, जे साहेबांशी इंग्रजीत भांडायचे, ते पिशीमासमोर जमिनीकडे बघत बसले. पिशीमानं दोन अटी घातल्या. पोरगी तळ्यावर पहाटे जाईल, लोक जागे व्हायच्या आत. आणि पाण्यातून बाहेर पडताना कुणी पुरुष तिच्याकडे बघणार नाही. अंगावर कोरडं थान टाकायला ती स्वतः उभी राहील. शिबेनदांच्या बायकोनं मला काळ्या सुती कापडाचा पोशाख शिवून दिला, कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्याखाली पाय. मी विधवा, आणि काळ्या पोशाखात उड्या मारते, हे चार दिवसांत गल्लीभर झालं. समोरच्या घरातल्या बायकांनी दुपारी येऊन पिशीमाला हे सांगितलं, जणू तिला माहीतच नाही. पिशीमा सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "पांढरं कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं. काळं चिकटलं तरी काही दिसत नाही. तुम्हीही नेसून बघा." बायका पुन्हा आल्या नाहीत.

पाच वर्षं मी शिबेनदांच्या हाताखाली पोहले. तळ्यातल्या शर्यती जिंकले, त्यांत माझ्याबरोबर फार तर चार मुली असायच्या, दोन ब्राह्मो घरातल्या आणि दोन ख्रिस्ती. मग त्यांच्या मनात आलं की मला गंगेच्या शर्यतीत उतरवायचं. बराहनगरच्या घाटापासून आहिरीटोल्यापर्यंत ओहोटीबरोबर. सगळे पुरुष, आजवर एकही बाई नाही. ही शर्यत कधी अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास नसते, कारण तेव्हा समुद्राकडून पाण्याची भिंत उलटी चढत येते, आम्ही तिला बान म्हणतो, आणि ती होड्यासुद्धा आपटून फोडते. म्हणून शर्यतीच्या तारखा अष्टमी, दशमी, एकादशी अशाच पडतात. शिबेनदांनी नदी बघून तारीख सांगितली आणि पंजिका बघितली नाही. त्या रविवारी एकादशी होती. कुणाला सुचलंच नाही. आमच्याकडे निर्जळी एकादशी विधवांची, पुरुषांना तिचं काय असतं?

मला सुचलं तेव्हा चार दिवस उरले होते. मी बाराव्या वर्षापासून पिशीमाबरोबर निर्जळी करत होते. भाद्रपदातलं ऊन, अडीच तास पोहणं, आणि आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. नदीत पोहणाऱ्याच्या तोंडात पाणी जातंच. कितीही तोंड मिटा, श्वास घेताना घोटभर जातं. तो घोट गिळला की एकादशी मोडली. मी प्रत्येक श्वासाला थुंकत पोहू? मला तेव्हा धर्माची चीड नव्हती, ती नंतर आली; तेव्हा मला खरंच वाटायचं की मोडलेल्या उपासानं मेलेल्याचं वाईट होतं. ज्या मुलाचा मी चेहरा आठवू शकत नव्हते त्याला नरकात टाकायचं माझ्या मनात नव्हतं. मी पिशीमाला सांगितलं की मी शर्यतीत उतरत नाही. ती वाल सोलत होती. का, म्हणाली. मी कारण सांगितलं. तिनं हातातली शेंग संपवली, उठली, आत जाऊन पंजिका घेऊन आली, चष्मा लावला, दोनदा पान उलटलं आणि शांतपणे म्हणाली, "रविवारी नाही. सोमवारी आहे. या महिन्यात गोसाईंची धरायची." मी आनंदानं उठले आणि तिच्या गळ्यात पडले. तिनं मला ढकललं, सोवळ्यात होती. गोसाईंची का, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. ज्याला हवं ते मिळतं तो कशाला प्रश्न विचारील?

आणि म्हणून मी ती शर्यत मोकळ्या तोंडानं पोहले. आयुष्यात पुष्कळ पोहले त्यानंतर, पण तसं कधी नाही. सकाळी पिशीमानं मला मोहरीचं तेल चोळलं, पाठीला, मानेला, कानांच्या मागं, इतकं की मी तिच्या हातातून निसटत होते. ती आहिरीटोल्याला गेली, मी बराहनगरला. सतरा पुरुष आणि मी. उडी मारली तेव्हा घाटावरून कुणीतरी ओरडलं, काकू आल्या बघा, आणि लोक हसले. दहा मिनिटांनी हसणाऱ्याचा भाऊ माझ्या मागं होता. शिबेनदा होडीतून बरोबर येत होते, मधेच खडीसाखरेचं पाणी लांब दांड्याच्या वाटीतून देत होते आणि मी पीत होते. नदीचंही प्याले. तोंड उघडं टाकून, मुद्दाम, हसत. माझ्या आईच्या दुधाची मला आठवण नाही, पण त्या दिवशीच्या गंगेची चव अजून आठवते, मातीची आणि जरा तेलाची. शेवटच्या टप्प्यात मी चौथी होते. तेवढ्यात तागाच्या गासड्यांनी भरलेला एक भलामोठा पडाव मधून चालला होता. शिबेनदा ओरडले, अलीकडून ये. मला वाटलं पलीकडे ओढ जास्त आहे, आणि मी पलीकडे गेले. तिथं पडावाची सावली होती. पाणी गार झालं, आवाज बंद झाले. मी उताणी झाले आणि नुसती तरंगत राहिले, किती वेळ कोण जाणे, वर आभाळ आणि बाजूला काळी ओली लाकडं. मला कुणी बघत नव्हतं. मी कुणाची विधवा नव्हते, कुणाची मुलगी नव्हते. माणसाला इतकं सुखी असायची परवानगी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मी पालथी झाले, हात मारले आणि पडावाच्या टोकाकडून बाहेर आले. चौथीच राहिले. घाटावर पिशीमा कमरेइतक्या पाण्यात उभी होती, थान दोन्ही हातांनी पसरून. ते माझ्या अंगावर टाकून तिनं माझा दंड धरला, तो घाट चढून जाईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही दोघींनी एकादशी केली. माझे दंड इतके दुखत होते की केस विंचरता येईनात. पिशीमा दिवसभर माझ्याजवळ बसून माझे हात चेपत होती. संध्याकाळी ती उठताना भिंतीला धरून उठली. वर्तमानपत्रात माझ्याविषयी सात ओळी आल्या होत्या. त्या बाबांनी तिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, नाव चुकीचं छापलंय, उषांगिनी हवं.

हेदुआला पोचले तेव्हा पोरी आधीच पाण्यात होत्या. आता मी तिथं शिकवते. पस्तीस मुली येतात, आया त्यांना आणून सोडतात आणि घड्याळ बघत बसतात, कुणी बोलत नाही. मी शिट्टी वाजवली, कपडे बदलले, पाण्यात उतरले, चार जणींचे पाय सरळ केले, आणि कशातच लक्ष नव्हतं. मी बोटांवर हिशेब करत होते. स्मार्तांची रविवारी. आपलं घर शाक्त, म्हणजे आपली रविवारीच. तिची एकादशी रविवारी होती, तिनं ती सोडली असणं शक्य नाही. म्हणजे रविवारी ती त्या उन्हात घाटावर तीन तास उभी होती ती कोरड्या घशानं. आणि सोमवारी, मला संशय येऊ नये म्हणून, पुन्हा. दोन दिवस. एक स्वतःसाठी आणि एक माझ्या खोट्या एकादशीला सोबत म्हणून. माझ्यातून असा काही उमाळा आला की मी पाण्यात डोकं बुडवून घेतलं. पाण्याखाली रडलेलं कुणाला दिसत नाही, हा या धंद्यातला एक फायदा. आजवर दहा सत्कार झाले माझे. दहाही वेळा मी उभं राहून शिबेनदांचं नाव घेतलं, हात जोडले. एकदाही तिचं घेतलं नाही. उलट तिशीत नोकरी लागल्यावर मी एकादशी सोडली, किनारीची साडी नेसायला लागले, आणि तिच्या उपासांवर तोंडसुख घेतलं. पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसासाठी तू आतडी सुकवतेस, तो तरी येऊन विचारतो का तुला? असं मी तिला म्हटलंय. जेवताना म्हटलंय. ती तेव्हा एवढंच म्हणाली होती, "तू नको करूस. मी आहे." मी त्याला अडाणीपणा समजले होते. तळ्यातून बाहेर आले, मोठ्या मुलीच्या हातात शिट्टी दिली, ओल्या केसांनीच ट्राम पकडली. मला एकच हवं होतं. तिच्या पायावर डोकं ठेवायचं, आभार मानायचे, आणि या आभारांच्या जोरावर तिला पाणी पाजायचं. आज पाजायचं. उद्याला काही अर्थ नव्हता.

पिशीमा चटईवर आडवी होती. एकादशीला ती गादी घेत नाही. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं आणि पाय सरकवायचीही तिच्यात ताकद नव्हती. मी तिच्या दगडी बाटीत, खोलगट वाडग्यात, पाणी घेतलं, त्यात खडीसाखर विरघळवली आणि तिच्याजवळ बसले. तिनं डोळे उघडले. म्हणाली, आधी केस पूस, जमीन ओली होतेय. आवाज इतका खरखरीत की शब्द मोडून येत होते.

"पिशीमा," मी म्हटलं, "आज एकादशी नाहीये. उद्या आहे. या महिन्यात गोसाईंची धरायची."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांची एक बाजू हलली. "आणि उद्या म्हणशील, काल होऊन गेली. ही युक्ती माझी आहे, पुँटी. मलाच शिकवतेस?"

म्हणजे तिला आठवत होतं. मी म्हटलं, तेव्हा खोटं बोललीस तू माझ्याशी. खोटं कसलं, ती म्हणाली, पंजिकेत छापलेलं होतं, गोसाईंची सोमवारीच होती. आपण कुठं गोसाई, हे तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मग मला धीर निघेना. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आमच्यात हे चालत नाही, मी कुणाच्या पाया पडत नाही आणि ती पडू देत नाही. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तू माझ्यासाठी दोन दिवस पाण्यावाचून राहिलीस, सव्वीस वर्षं मला कळलं नाही, मी तुला टोचून बोलले, मी दुसऱ्यांचे आभार मानत हिंडले, असंच काहीतरी. तिनं पाय ओढून घेतले.

"ऊठ. नसतं पुण्य माझ्या पदरात घालू नकोस. रविवारी मी पाणी प्याले."

मी उठून बसले. तिनं सांगितलं ते तुकड्या तुकड्यांत, मधे दम घेत. सकाळपासून धरला होता उपास. घाटावर थान घेऊन उभी होती. पहिले तीन पुरुष दिसले, मागं माझं डोकं दिसलं, बाजूचा एक माणूस म्हणाला, ती बघा तुमची पोर. मग तो तागाचा पडाव मधे आला. पुरुष पुढं सरकले आणि माझं डोकं दिसेना. लोक बोटं दाखवायला लागले. कुणीतरी ओरडलं की पोरगी पडावाखाली गेली. शिबेनदा होडीत उभे राहून हाका मारत होते, तेही तिला दिसलं. ती पायऱ्या उतरून पाण्यात गेली. आणि तो सगळा वेळ मी सावलीत उताणी पडून आभाळ बघत होते.

"मी गंगेला म्हटलं, आई, एकतीस वर्षांच्या एकादश्या आहेत माझ्याकडे. कुणाच्या नावानं केल्या ते मलाच आठवत नाही, तोंडही आठवत नाही त्याचं. सगळ्या तुझ्यात सोडते. पोर वर काढ. आणि ओंजळ भरून प्याले. तीनदा प्याले. तिसऱ्या ओंजळीला पडावाच्या टोकाशी तुझं डोकं निघालं."

खाली बिंदुदी कुणाला तरी हाका मारत होती. मी विचारलं, मग त्यानंतरच्या? त्यानंतर सव्वीस वर्षं का करतेस? ती चिडली. चिडायलाही तिला ताकद गोळा करावी लागली.

"का म्हणजे? गंगेनं तिचं दिलं, मी माझं द्यायला नको? त्या दिवसापासूनची प्रत्येक एकादशी तुझी आहे. तू रोज पहाटे उठून पाण्यात जातेस, कार्टे. मी एक दिवस थांबले आणि तिनं हात आखडता घेतला तर?"

पहिल्यांदा राग आला. किती म्हणून राग आला. महिन्यातून दोनदा ही बाई माझ्यासाठी कोरडी पडत होती, मी तिला मेलेल्या नवऱ्यावरून हसत होते, आणि तिला एकदा तोंड उघडून सांगावंसं वाटलं नाही. मग राग कुठं गेला कळलं नाही. मी पाण्यात असताना कधीच एकटी नव्हते, एवढंच डोक्यात राहिलं. पडावाच्या सावलीतसुद्धा नाही. मला तिथं कुणी बघत नव्हतं असं मी समजत होते, आणि पलीकडे एक बाई आपलं सगळं आयुष्य पाण्यात सोडून देत होती. आणि आता ती माझ्या समोर सुकत होती, तेही माझ्याचपायी, आणि तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. वादात ती कधी हरलेली नाही. बाबा हरले, शिबेनदा हरले, समोरच्या बायका हरल्या.

मी तिचा हात घेतला आणि माझ्या केसांवर ठेवला. केसांतून अजून तळ्याचं पाणी गळत होतं. तिचा हात लाकडासारखा हलका होता. मग तो माझ्या गालावर आणला, मानेवर आणला, दंडावर आणला.

"बघ," मी म्हटलं. "पिशीमा, मी वर आलेय. पंचेचाळीस वर्षांची झाले. मी केव्हाच बाहेर आलेय पाण्यातून. अजून कशाला उभी आहेस?"

तिची बोटं माझ्या दंडावरून फिरत होती, त्या सोमवारी फिरत होती तशी नव्हे, जरा जास्त सावकाश, खात्री करून घेतल्यासारखी. पायांवरचं ऊन गुडघ्यापर्यंत आलं. मग तिनं माझा हात सोडला आणि बाटीकडे बघितलं.

"आधी तू घोट घे," म्हणाली.

मी घेतला. तिला पाठीमागून उठवून बसवलं, ती माझ्या अंगावर रेलली, वजन असं काही नव्हतंच. दोन्ही हातांनी तिनं बाटी धरली. पहिला घोट तिनं कितीतरी वेळ तोंडातच ठेवला, गाल फुगवून, लहान मुलं ठेवतात तसा, आणि मला वाटलं ही आता थुंकणार. मग तिच्या गळ्याची शीर हलली. दुसरा घोट लगेच गेला. बाटी रिकामी झाली तशी तिनं ती माझ्यापुढं धरली.

"अजून दे," म्हणाली.